थांबाबाईंचा शेवटचा दिवस

पुस्तकबांधणीच्या त्या कारखान्यात मुकादमबाईंना सगळे थांबाबाई म्हणत आणि बाईंना त्याचा भारी अभिमान होता. बावीस वर्षांपूर्वी, आधीच्या मुकादमाच्या राज्यात, शब्दकोशाच्या दोन हजार प्रती उलट्या पुठ्ठ्यात बांधून गेल्या. चूक सतरा जणांना दिसली होती. पण मुकादम म्हणजे जमदग्नीचा अवतार, त्याला सांगणार कोण? त्या सतरा गप्प तोंडांत एक बाईंचं होतं.

त्याची जागा मिळताच बाईंनी नियम काढला: चूक दिसली की कोणीही, अगदी झाडूवालीनेसुद्धा, ‘थांबा’ म्हणायचं. मशीन आधी बंद, कारण नंतर. पहिल्या आठवड्यात मशीन चाळीसदा थांबलं, त्यात एकदा पुठ्ठ्यावर माशी बसली म्हणून. मालकांनी कपाळाला हात लावला. बाईंनी माशीवालीलाही शाबासकी दिली.

आता बाई निवृत्त होत होत्या. मालक म्हणाले, “बाई, तुम्ही गेलात की सहा महिन्यांत इथले बारा वाजणार.” ते बाईंच्या जिव्हारी लागलं. कारखाना आपल्या धाकानं चालला असेल, तर बावीस वर्षं पाण्यात गेली म्हणायची.

शेवटच्या दिवशी त्या हट्टानं शिलाईच्या मशीनवर बसल्या. डोळे भरलेले, जीभ सुटलेली. नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल करता करता त्यांनी पानांचा गठ्ठा चक्क उलटा लावला. आजूबाजूच्यांनी पाहिलं आणि माना खाली घातल्या. आजच्या दिवशी बाईंना कसं बोलायचं?

“थांबा.”

आवाज मौनीचा होता. कोपऱ्यात कागदाच्या घड्या घालणारी ही बाई अकरा वर्षांत मोजून चार वाक्यं बोलली असेल. कोणीतरी खटका बंद केला.

“पानं उलटी आहेत, बाई,” मौनी म्हणाली. “उठा जरा.”

बाई उठल्या आणि त्यांना असं हसू फुटलं की पोट धरावं लागलं. मौनीला कवटाळून त्यांनी दोन गिरक्या घेतल्या, चष्मा एकीकडे, चप्पल दुसरीकडे. मालक धावत आले.

“काय झालं?”

“बारा वाजत नाहीत, साहेब,” बाई धापा टाकत म्हणाल्या. आनंदानं त्यांना भोवळ यायची बाकी होती.

मौनीनं गठ्ठा सुलटा केला आणि ती त्यांच्या जागी बसली.

“मग निघू मी?” बाईंनी विचारलं.

कोणालाच ऐकू गेलं नाही. मशीन सुरू झालं होतं.