साडूंचे तीन बंब

आग कुठेही लागू नये असं मनापासून वाटणारा, आणि लागलीच तर ती विझवायला येणारी गाडी डोळे भरून पाहता यावी असंही तितक्याच मनापासून वाटणारा माणूस पुण्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. जन्मभर शाळेत भूमिती शिकवली, फळ्यावर हाताने काढलेलं वर्तुळ कंपासपेक्षा गोल येतं म्हणून दरारा कमावला, आणि निवृत्त झाल्यावर एका लग्नाच्या पंगतीत जाहीर केलं, "मी आता बंब जमवणार आहे." नातेवाइकांचा व्हायचा तो गैरसमज झाला. महिन्याभरात लोकांनी आपापल्या माळ्यावरचे, पाणी तापवायचे, तांब्याचे सात बंब त्यांच्या दारात आणून ठेवले. साडूंनी एकही परत केला नाही. धायरीला त्यांचा प्लॉट आहे, तिथे पत्र्याची शेड आहे. त्या शेडमध्ये आगीचे तीन जुने बंब उभे आहेत आणि त्यांच्या पायाशी हे सात तांब्याचे. "पाहुणे आहेत," असं सांगतात.

त्या तिघांनाही त्यांनी घरच्यासारखं ठेवलं आहे. थोरले, मधले आणि धाकटे. धाकटे एका साखर कारखान्याच्या भंगारातून आले, मधले एका नगरपालिकेने निकालात काढलेले. तिन्हींपैकी एकही चालत नाही. रोज सकाळी साडू कोथरूडहून स्कूटरवर धायरीला जातात, तिघांना ओल्या फडक्याने पुसतात, थोरल्यांना नमस्कार करतात आणि दुपारी जेवायला परत येतात. सायरन ऐकला की हातातला घास ताटात ठेवून गॅलरीत जातात आणि गाडी कुठल्या केंद्रातून निघाली ते आवाजावरून सांगतात. गाडी दिसेनाशी झाली तरी तिथेच उभे असतात. ताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, म्हणतात, "यांचं लग्न माझ्याशी झालंय हे त्या गाड्यांना माहीत आहे म्हणून बरं. नाहीतर दारात येऊन उभ्या राहिल्या असत्या."

उंच शिडीची गाडी हा त्यांचा खरा हळवा कोपरा. इमारतीकडे ते कधी इमारत म्हणून पाहतच नाहीत. मान वर करून मजले मोजतात आणि निकाल देतात. माझ्या भाच्याने बाविसाव्या मजल्यावर घर घेतलं, वास्तुशांत केली, सगळे खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरांचं कौतुक करत होते. साडूंनी खिडकीतून खाली पाहिलं, श्रीखंडाची वाटी ठेवली आणि म्हणाले, "घर छान आहे. शिडी पोचत नाही." भाचेसुनेने त्यानंतर आठवडाभर झोपेची तक्रार केली. या वर पाहण्याने शेवटी त्यांची मान गेली. डॉक्टरांनी पट्टा घातला आणि वर बघायचं नाही म्हणून सांगितलं. त्याच सुमारास हडपसरच्या एका मोठ्या सोसायटीत आगीचं प्रात्यक्षिक होतं आणि सगळ्यात उंच शिडी येणार होती. साडू मला घेऊन गेले, रस्त्याच्या कडेला वर्तमानपत्र अंथरलं आणि पट्ट्यासकट उताणे झोपले. शिडी टप्प्याटप्प्याने उलगडत आभाळात जात होती आणि हे खालून तिच्याकडे बघत होते. लोक आधी शिडीकडे पाहायचे, मग यांच्याकडे. एक जवान धावत आला, "काका, काय झालं? चक्कर आली का?" साडू म्हणाले, "अहो, बाजूला व्हा. तुमचं डोकं मध्ये येतंय."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. थोरले आले तेव्हापासून मला हसताना जरा मागे वळून बघावंसं वाटू लागलं.

थोरले मिळाले एका बंद पडलेल्या सूतगिरणीत. लांब नाकाडाची, लाकडी शिडीची, उघड्या बसक्या सीटची गाडी, आणि चालकाच्या डाव्या हाताला पितळेची मोठी घंटा. गाडी ट्रकवर चढवताना साडूंच्या लक्षात आलं की घंटेत लोलकच नाही. गिरणीच्या म्हाताऱ्या रखवालदाराला विचारलं. तो म्हणाला, "आमीच काढलाय साहेब. लय वाजायची ती."

"कोण वाजवायचं?"

"कोन न्हाई," तो म्हणाला आणि फाटक लावून घ्यायला गेला.

साडूंनी धायरीतल्या लेथवाल्याकडून नवा लोलक करून बसवला. पंधरा दिवसांनी जेवताना मला सांगितलं, "काल थोरले वाजले." आवाज असा, जणू काल पाहुणे येऊन गेले. दुपारची वेळ, वारा नाही, शेडचं दार लावलेलं. घंटा तीनदा वाजली, थांबली, पुन्हा तीनदा वाजली. मी म्हटलं, उंदीर असेल. ते म्हणाले, "असेल. पण तीनपर्यंत मोजता येणारा."

मग दर दोन-तीन महिन्यांनी ती वाजू लागली. वाजली की साडू उठत, थोरल्यांबरोबरच आलेलं जुनं पितळी शिरस्त्राण घालत, थोरल्यांच्या सीटवर चढत आणि चाकावर हात ठेवून बसून राहत. न चालणाऱ्या गाडीत, समोर पत्र्याची भिंत. पाच-दहा मिनिटांनी उतरत. ताईंनी हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, घंटा स्वतः ऐकली, आणि त्यानंतर त्या धायरीला जाईनाशा झाल्या. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात साडू आगीच्या बातम्यांभोवती पेन्सिलीने गोल करत. पुण्यासारख्या शहरात रोज कुठे ना कुठे काही ना काही पेटतंच, त्यामुळे गोल नेहमीच सापडायचा. मी तसं म्हटलंही. त्यांनी मान्य केलं. "तीच तर अडचण आहे. ती वाजते. पत्ता सांगत नाही."

"मग लोलक काढून टाका की."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या वर्गात बसलोय आणि प्रमेय चुकवलंय. "कुणीतरी हाक मारतंय, साडू. ऐकू येऊ नये म्हणून कानात बोळे घालायचे का?"

त्यानंतरच्या एका गुरुवारी मी धायरीला गेलो होतो. थर्मासमधला चहा घेत आम्ही शेडमध्ये बसलो होतो. बाहेर ऊन रणरणत होतं, कडुलिंबाचं पान हलत नव्हतं. आणि माझ्यापासून चार हातांवर घंटा वाजली. तीनदा. मी पाहत होतो. थोरल्यांच्या आसपास कुणी नव्हतं. आवाज मोठा नव्हता, पण तो कानांत न येता छातीत आला असं वाटलं. पुन्हा तीनदा. मी कप खाली ठेवला.

साडू उठले. शिरस्त्राण घातलं. सीटवर चढायला पाय उचलला आणि थांबले. वळून माझ्याकडे पाहिलं.

"आजवर वाजली तेव्हा मी एकटा होतो, नाहीतर ही होती. आज तुम्ही आहात. तुमच्या घरी कोण आहे?"

"आमची ही. का हो?"

"फोन लावा."

लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तसंच. तिसऱ्यांदा लावेपर्यंत साडूंनी स्कूटर सुरू केली होती.

वारज्यावरून आम्ही कोथरूड कसं गाठलं ते सांगण्यासारखं नाही. त्यांच्या डोक्यावर ते पितळी शिरस्त्राण तसंच होतं. सिग्नलला वाहतूक पोलिसाने शिट्टी तोंडाकडे नेली, शिरस्त्राण पाहिलं आणि काय वाटलं कोण जाणे, सलाम ठोकला. साडूंनी उलट सलाम केला. एरवी मी हसून स्कूटरवरून पडलो असतो. त्या दिवशी मी सारखा फोन लावत होतो.

माझं घरही कोथरूडलाच, सातव्या मजल्यावर. दार हिने उघडलं. केस विंचरत होती. "फोन आतल्या खोलीत चार्जिंगला आहे. काय झालं? आणि भाऊजी, हे डोक्यावर काय?" मी उंबऱ्यातच बसलो. रागही आला. साडूंकडे वळून म्हणणार होतो, आता पुरे. पण ते आत आलेच नव्हते. पॅसेजमध्ये उभे राहून वास घेत होते.

"गॅस," ते म्हणाले.

समोरच्या दारामागे एक निवृत्त मुख्याध्यापिका एकट्या राहतात. दारावर पाटी आहे, "दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. पाटी वाचता येत असल्यास." मी बेलकडे हात नेला तसा साडूंनी तो मनगटात घट्ट धरला. "वाजवू नका. ठिणगी उडेल. किल्ली आहे कुणाकडे?" हिच्याकडे होती. एकट्या माणसाची एक किल्ली शेजारी असते तशी.

दार उघडलं आणि वास अंगावर आला. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, गॅस तसाच सुटत होता. बाई स्वयंपाकघराशेजारी आरामखुर्चीत मान टाकून पडल्या होत्या. साडूंनी श्वास रोखून आत जाऊन शेगडीचं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, दिव्याच्या एकाही बटणाला हात लावू दिला नाही. आम्ही दोघांनी बाईंना उचलून पॅसेजच्या खिडकीशी आणलं. ही त्यांचे तळवे चोळत होती. पट्टा घातलेल्या मानेने साडू त्यांच्यावर वाकून, वर्गात पोरांना घालायचे तशी, "डोळे उघडा!" अशी साद घालत होते.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. बाईंनी डोळे उघडले. आमच्याकडे पाहिलं, शिरस्त्राणाकडे पाहिलं, आणि अगदी क्षीण पण खणखणीत नाराजीने म्हणाल्या, "मघापासून कोण घंटा बडवतंय? तीनदा, थांबून पुन्हा तीनदा. झोपू म्हणून देत नाही. पाटी दिसत नाही का?"

हिने माझ्याकडे पाहिलं. तिला आज घंटा वाजल्याचं काही माहीत नव्हतं, ती म्हणाली, "बाई, बेल कुणी वाजवलीच नाही हो."

बाईंना दवाखान्यात दाखल करून आम्ही संध्याकाळी साडूंच्या घरी गेलो. दोन दिवसांत बाई घरी येतील असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यामुळे जिवात जीव आला होता. मी ताईंना सगळं सांगत होतो. घंटेपाशी आलो तशा त्या थांबा म्हणाल्या. आत गेल्या. डाळीच्या डब्यामागून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आणून टेबलावर ठेवलं. लोलक होता.

"मला सहन होईना," त्या साडूंना म्हणाल्या. "परवा तुम्ही पेन्शनच्या कामाला गेलात ना, तेव्हा मीच धायरीला जाऊन लेथवाल्याकडून काढून आणला. रागावू नका."

साडू रागावले नाहीत. त्यांनी लोलक हातात घेतला, वजन केल्यासारखं केलं आणि परत ताईंना दिला. "ठेवा डाळीमागेच," म्हणाले. "त्याची गरज दिसत नाही."

त्या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. मधल्या काळात साडूंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. त्यांना आता दगदग, धावपळ, मनाला धक्का, काहीही चालणार नाही. त्यात कान गेले. यंत्र लावतात, पण त्यात म्हणे सगळ्या जगाचं खरखरणं ऐकू येतं आणि माणूस तेवढा ऐकू येत नाही. आता दर गुरुवारी मीच त्यांना गाडीने धायरीला नेतो. ते तिघांना पुसतात, मग आम्ही शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसतो. मध्येच ते माझ्याकडे बघून भुवया उंचावतात. वाजली? मी मान हलवतो. नाही. मग ते पुन्हा समोर बघत बसतात.

गेल्या गुरुवारी वाजली.

साडू संत्रं सोलत होते. तीनदा, आणि थांबून पुन्हा तीनदा. मी हललो नाही. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, भुवया उंचावल्या. ताईंनी निघताना माझा हात धरून काय बजावलं होतं ते मला आठवत होतं. मी मान हलवली. नाही.

त्यांनी माझ्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं. मग संत्र्याची एक फोड माझ्या हातावर ठेवली. जरा पाय मोकळे करतो अशी खूण करून मी शेडच्या मागे गेलो आणि फोन काढला. आधी हिला. मग ताईंना, लेकीला, भाच्याला, समोरच्या बाईंना. ज्यांचे ज्यांचे नंबर होते त्यांना एकेक करून. सगळे ठीक होते. सगळे विचारत होते, काय झालं? मी म्हणत होतो, काही नाही, सहज.

परत आलो तर साडूंच्या मांडीवर त्यांची जुनी वही उघडी होती, विद्यार्थ्यांच्या पत्त्यांची. फोन कानाला नव्हता, समोर हातात धरला होता. मला पाहून त्यांनी तो माझ्यापुढे केला.

"उचललाय का बघा हो. मला कळत नाही हल्ली."

मी फोन कानाला लावला. पलीकडून एक प्रौढ आवाज म्हणत होता, "सर? सर, बोला ना. ऐकू येतंय का?"

"सगळं ठीक आहे ना घरी?" मी विचारलं.

"हो, ठीक आहे. आपण कोण बोलताय? सरांना काही झालंय का?"

"नाही, सर बरे आहेत," मी म्हटलं आणि साडूंकडे बघून मान डोलावली. ठीक.

त्यांनी वहीतल्या त्या नावापुढे बारीकशी खूण केली, चष्मा सारखा केला आणि पुढचा नंबर लावून फोन पुन्हा माझ्या हातात दिला.