निम्मा आलेला आकडा

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी अठरा वर्षं प्रयोगशाळा सहायक आहे. वायरीला हात लावायचा तर आधी बटण बंद, हा तिथला नियम माझाच. मोडणाऱ्याला मी सरळ बाहेर काढते.

चाळिशीनंतर नोकरी सांभाळून मी पदवीला बसले. सगळं सुटलं, एक प्रात्यक्षिक तेवढं राहिलं. गेल्या वर्षी त्यात नापास झाले. यंदाही राहिलं असतं तर मुदत संपून आधीची सगळी वर्षं पाण्यात गेली असती.

यंदाची परीक्षा आमच्याच प्रयोगशाळेत होती. चिठ्ठीत आलं ते दोन कॉइल आणि त्यांच्या मध्ये एका कपॅसिटरचं सर्किट. त्याला जोडणीची दोन तोंडं, म्हणजे पोर्ट. एका पोर्टला व्होल्टेज द्यायचं, दुसरा मोकळा ठेवून मोजायचं, मग बाजू बदलून पुन्हा तेच. शेवटी चार आकडे मिळतात. त्यातले दोन, इकडून तिकडचा आणि तिकडून इकडचा, सारखे यायलाच हवेत.

डावीकडून तीनशे वीस ओहम आला. बटण बंद केलं, वायरी उलट्या लावल्या, बटण चालू केलं. उजवीकडून एकशे साठ.

वायरी तपासल्या, मीटर बदलला. एकशे साठच. बाहेरून आलेले परीक्षक दोन टेबलं पलीकडे होते. आमचे शिपाईमामा पाणी ठेवताना हळूच म्हणाले, "काय ओ बाई, पोरास्नी दम देतासा आन् आज तुमचंच अडकलंय व्हय?"

"मामा, गप बसा की जरा."

मग आकड्याकडे नीट बघितलं. वायर सैल असती तर तो कसाही आला असता. हा नेमका निम्मा होता, म्हणजे कुठेतरी काहीतरी दुप्पट झालं होतं. व्होल्टेज देणाऱ्या जनरेटरची फ्रिक्वेन्सी मी सुरुवातीला पाचशे हर्ट्झवर ठेवली होती. पडद्यावर हजार दिसत होते. हे नवं यंत्र बंद करून चालू केलं की आपल्या मनाने हजारावर जातं, आणि फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की कपॅसिटरचा अडथळा निम्मा होतो. हा आकडा त्या मधल्या कपॅसिटरचाच.

पुन्हा पाचशे केले. तीनशे अठरा आला. एवढा फरक चालतो.

परीक्षकांना वहीत एकशे साठवर केलेली खाडाखोड दिसली. "हे काय?"

लपवण्यात अर्थ नव्हता. झालं ते सांगितलं.

"नुसते रेझिस्टन्स असते तर?"

"तर चूक कळलीच नसती, सर. त्यांना फ्रिक्वेन्सीचं सोयरसुतक नसतं."

"खोडू नका आता. शेजारी कारण लिहा," असं म्हणत त्यांनी सही केली. "पास आहात, बाई."

बाहेर येऊन उचगावला घरी फोन लावला. नवऱ्याने पहिल्या घंटीलाच उचलला.

"काय झालं?"

"सुटलो एकदाचं."

"व्हय? खरंच?"

"खरंच की."

मग म्हणाला, "मी मटण आणतो. तू भाकरीचं बघ."

"आज भाकरीबिकरी काय न्हाय. शिजवलेलंच आणा," मी म्हटलं आणि फोन ठेवून व्हरांड्यातल्या बाकावर बसले. सकाळपासून पहिल्यांदाच.