तुरळक ठिकाणी

कराडजवळच्या मलकापूरच्या धनाजी मंडपवाल्याचं हवामानाच्या अंदाजाशी जुनं भांडण आहे, आणि ते पूर्ण एकतर्फी आहे. अंदाज सकाळी मोबाइलवर येतो, पिवळा नाहीतर केशरी होतो आणि आपल्या वाटेनं निघून जातो. मागं राहतो धनाजी, मान वर करून.

मंडपाच्या धंद्यात पडल्यापासून हा माणूस मान वर करूनच जगतोय. लग्नाला आलेले लोक नवरी बघतात, हा छत बघतो. घरी जेवायला बसला तरी नजर दारातून ढगाकडं. बायको चंद्राबाई वैतागून म्हणते, "आवं, ताटात बघा. आभाळात कोरड्यास न्हाई."

त्याचा सगळा राग एका शब्दावर. 'सातारा, सांगली जिल्ह्यांत तुरळक ठिकाणी वादळी पाऊस.'

"तुरळक हे काय गाव हाय का?" तो टेम्पोचा ड्रायव्हर सिद्धूला विचारतो. "कुठल्या तालुक्यात येतं? यष्टी जाती का तितं?"

सिद्धूला हे रोज विचारलं जातं, त्यामुळं तो टेम्पोला किल्ली मारतो.

यंदा धनाजीनं छताचं नवं कापड आणलं होतं, मोतिया रंगाचं. तान्ह्या लेकरासारखं तो ते जपत होता. मे महिन्यात कुंडलच्या बाळासोंच्या थोरल्या लेकीचं लग्न ठरलं आणि कापड पहिल्यांदा आभाळाखाली आलं. बाळासोंनी सांगून ठेवलं होतं, काम नीट झालं तर धाकटीचाही मंडप तुझाच.

लग्नादिवशी सकाळी मेसेज आला. वरची ओळ म्हणत होती, दुपारी तीव्र उष्णता, उन्हात थांबू नका. खालची म्हणत होती, दुपारनंतर तुरळक ठिकाणी सोसाट्याचा वारा, गारा. तात्पुरत्या निवाऱ्याखाली थांबू नका. म्हणजे वरच्या ओळीला मंडप पाहिजे आणि खालच्या ओळीला मंडप नको. धनाजीनं मेसेज दोनदा वाचला आणि मोबाइलला एक शिवी दिली.

त्यात नवरदेव डीजेपुढं इतका नाचला की अक्षताच उशिरा पडल्या. तिसरी पंगत बसली तेव्हा कराडच्या बाजूला आभाळानं काळं धरलं होतं. धनाजीनं खांबाची दोरी ओढून बघितली. गेल्या उन्हाळ्यात एका बारशाला त्यानं दुसऱ्याचा मंडप छत्रीसारखा उलटताना बघितला होता. खांब पाळण्यापासून हातभर अंतरावर पडला होता.

तो बाळासोंजवळ गेला. "आण्णा, कापड सोडतो. वारं आत शिरलं तर वाशासकट उठंल. खाली माणसं हायत."

"आरं, अजून एक पंगत हाय! पावणं काय उन्हात भाजू?"

"मेसेज आलाय."

"काल बी आलता. परवा बी आलता. कुंडल म्हणलंय का त्यात?"

"तुरळक ठिकाणी म्हणलंय."

पंगतीत हशा पिकला. जिलबीवरचा हात न काढता एक म्हातारा म्हणाला, "मग आमाला जेवू दे की रं! आमी पलूसचं हाय, तुरळकचं न्हवं."

तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला आणि छत टरारून फुगलं. धनाजीनं मग कुणालाच विचारलं नाही. त्यानं आणि सिद्धूनं भराभर दोऱ्या सोडल्या. मोतिया कापड खाली आलं आणि लखलखीत ऊन थेट मठ्ठ्यात उतरलं. बायकांनी पदर ओढले. पलूसच्या म्हाताऱ्यानं शेजारची रिकामी पत्रावळ डोक्यावर धरली आणि जिलबी संपवली.

वारं मात्र तेवढंच. पुढं पिंपळाचं पानसुद्धा हललं नाही.

बाळासो ओरडले नाहीत, हे जास्त वाईट झालं. घाम पुसत एवढंच म्हणाले, "धाकटीला दुसरा मंडपवाला बघतो. हितलाच. तुरळकातला नको."

धनाजीनं कापडाची घडी टेम्पोत टाकली. "गोदामात ठेवून परत ये."

"मालक, तिकडंच काळं दिसतंय की."

"दिसू दे. वर पत्रा हाय."

सिद्धू गेला. धनाजी बांबू सोडत राहिला. डोक्यावरचं आभाळ असं निरभ्र, की त्यालाच लाज वाटायला लागली. दिवस कलला तेव्हा फोन वाजला.

"गोदामाचा पत्रा उडाला," चंद्राबाई सांगत होती. "गारा, पाऊस, लय इपरीत झालं. तुमचं मोत्याचं कापड चिखलात लोळतंय."

"सिद्धू?"

"त्याला काय धाड भरलीया? कापड आत टाकून च्याला घरात आलता, म्हणून वाचला."

धनाजीनं फोन खिशात टाकला. रिकामी पातेली मोजायला आलेले बाळासो तिथं थांबले. एव्हाना त्यांचा राग उतरला होता, चेष्टा शिल्लक होती.

"काय रं, पडला का मग तुझा पाऊस?"

"पडला."

"कुठं?"

धनाजीनं सवयीनं मान वर केली. कुंडलच्या आभाळात बोटभर ढग नव्हता.

"तुरळक ठिकाणी," तो म्हणाला. "आमच्याच दारात निघालं ते."