आईला गाडी लागायची

जुन्या गाड्यांच्या या ग्रुपवर लिहितोय, कारण घरी कुणाला सांगावं ते कळत नाहीये.

बाबांची पंचवीस वर्षांची गाडी आज सकाळी सातपूरला मिस्त्रींकडे नेली. आत पेट्रोलचा वास येतो, एवढीच तक्रार होती. त्यांनी बॉनेटखालचा काळा डबा दाखवला. टाकीतली वाफ नळीने त्यात येते, आतला कोळसा ती धरून ठेवतो आणि इंजिन चालू झालं की ते ओढून जाळतं.

मग त्यांनी मागची सीट काढली. ती नळी तिथे चिरलेली होती.

"लय जुनी चीर हाय, साहेब. वाफ सगळी आतच येणार. मागं बसणाऱ्याला त्रास नाय व्हायचा?"

मी म्हणालो, "आता मागे कुणी बसत नाही."

मागे आई बसायची, लिंबू हुंगत, मांडीवर पिशवी घेऊन. आईला गाडी लागते म्हणून आम्ही हसायचो. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

नळी बदलली, वास गेला. घरी येऊन जेवलो.

नांदगावला माहेरी ती एकटीच एसटीने जायची. एसटीत तिला कधीच मळमळलं नाही. हे आमच्यापैकी एकालाही कसं खटकलं नाही?