माकणीच्या आंब्यावरची रास्ना

सोलापूरला तुळजापूरच्या एसटीत बसले, तेव्हा माझ्या गळ्यातली दुर्बीण बघून शेजारच्या बाईंनी विचारलं, "देवीला चाललाव?"

"नाही, पुढे माकणीला. एक फूल बघायचंय."

"एका फुलासाठी? अवो, देवळाच्या वाटंवर ढीग हायत की!"

त्यांचं चुकलं नव्हतं. वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता तीस वर्षं मी ऑर्किडांच्या मागे हिंडले. आंबोलीच्या धुक्यात जळवांना रक्त पाजलं, कोयनेच्या रानात दोनदा वाट चुकले. निवृत्तीनंतरही खोड गेली नाही. पण धाराशिव जिल्ह्यात ऑर्किड बघायला निघाले म्हटल्यावर जुने सहकारी एवढंच म्हणाले, "टोपी न्या. डोकं तापेल."

कारण होतं एक धूसर फोटो. सास्तूरला शिक्षिका असलेल्या सुनीतानं, माझ्या विद्यार्थिनीनं, तो पाठवला होता. जुना आंबा आणि त्याच्या फांदीवर जाड मुळांचा गुंता. रास्ना! कोरड्या मुलखातही तग धरणारं ऑर्किड. घाटात इतकी वर्षं काढून मी ते आंब्यावर फुललेलं कधी पाहिलं नव्हतं. खाली लिहिलं होतं, 'मॅडम, कळ्या आल्यात. लवकर या.' तरी निघायला मला आठवडा लागलाच.

तुळजापुरात गाडी बदलून लोहाऱ्याला उतरले. मे महिन्याचं ऊन, भेगाळलेली काळी रानं. सुनीता स्कूटर घेऊन उभी होती. भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या सास्तूरच्या सरळ गल्ल्या ओलांडल्या आणि माकणीजवळ धरणाचं पाणी चकाकताना दिसलं, तेव्हा कुठं डोळे निवले.

आंब्याखाली बाजेवर झाडाचे मालक व्यंकटकाका बसले होते. मी आधी झाडाकडे पाहिलं. फांद्या स्वच्छ!

"आठ दिस झालं, समदं बांडगूळ काढून टाकलं बघा," काका अभिमानानं म्हणाले. "झाडाचं रक्त पीत हुतं."

मी बाजेच्या कडेला टेकलेच. "काका, ते बांडगूळ नव्हतं हो. हे झाडातलं काही खात नाही. फांदीवर नुसतं बसतं, हवापाण्यावर जगतं."

"झाडाला काय बी मागत न्हाय?"

"काहीच नाही."

"मग आमच्या जावयापरीस बरं म्हणायचं की!"

सुनीता हसली. मला हसू येईना. एखादं तरी मूळ राहिलं असेल म्हणून मी काकांचं न ऐकता वर चढले. दुसऱ्या फांदीवर लाल मुंग्यांची वसाहत होती. मी उतरले त्यापेक्षा पडले म्हणणं खरं. ओढणी वरच राहिली, ती काकांनी काठीनं काढून दिली.

काकांच्या बायकोनं, पद्मिनकाकूंनी, जेवायला हाक मारली. भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या नि मसाल्याच्या पिठाची). मुंग्या चावलेले हात खाजवत मी सुनीताला हरवलेल्या फुलाचं वर्णन सांगत होते.

काकूंनी भाकरी थापता थापता विचारलं, "पिवळं का? वर तपकिरी चौकटी, आन मधली जीभ निळी?"

माझा घास हातातच राहिला. "तुम्हाला कसं माहीत?"

"या मागं."

घरामागच्या कडुलिंबाच्या खोडाला जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी रास्नाची पाच रोपं बांधलेली होती. दोन फुललेली. जवळ गेले तर मंद, गोड वास.

"ह्यांनी उकिरड्यावर टाकलं हुतं. कळ्या असल्यालं कुणी फेकतंय व्हय? म्या आणून बांधलं. रोज तांब्याभर पाणी मारती."

"मला सांगायचं न्हाय?" काका मागून म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुमी इळा घिऊन आला असताव!"

मी भिंग काढलं, पण डोळे भरून आल्यानं त्यातून धड दिसेना. काकू म्हणाल्या, "न्या की एक तोडून." नमुना घ्यायची माझी आयुष्यभराची सवय. हात पुढे गेला आणि मागे आला. फोटोच काढले.

परतीच्या गाडीत मी विचार करत होते. मी मुलांना पाकळ्या मोजायला शिकवलं, नावं पाठ करून घेतली. काकूंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कळ्या आहेत एवढं त्यांना पुरलं.

परवा सुनीताचा फोन आला. काकांनी त्यातली तीन रोपं पुन्हा आंब्यावर बांधलीत, आणि पाणी कुणी घालायचं यावरून दोघांचं रोज वाजतंय.

मी माझी नोंदवही उघडली. माकणीच्या ओळीत, शोधणाऱ्याच्या रकान्यात, तीस वर्षांत पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाचं नाव लिहिलं: पद्मिनकाकू.