पहिला मासा परत सोडायचा, पण हा?

मंडळी, आमच्या घरी बादलीत एक मासा आहे आणि तो कुठला हे मला कळत नाहीये. फोटो खाली दिलाय.

आज सकाळी माझ्या थोरल्या भावाबरोबर, अण्णाबरोबर, देवनहळ्ळीच्या पुढच्या तळ्यावर गेले होते. काठच्या खडकांत अण्णाचा गळ अडकलाय असं वाटलं, आणि वर आला हा. अंगावर कडक कवच, काळे ठिपके, तोंड पोटाच्या बाजूला.

आमच्या बाबांपासूनचा नियम आहे, पहिला मासा पाण्याला परत द्यायचा. अण्णा वाकलाच होता, तेवढ्यात शेजारी गळ टाकून बसलेले गृहस्थ म्हणाले, “अक्का, सोडू नका. कुणीतरी घरच्या काचेच्या टाकीतून आणून टाकलाय. इथल्या माशांची अंडी खातो.”

त्यांचा जोडीदार हसला. “याचं ऐकू नका. आमच्या गावच्या नदीत असलेच असतात.”

अण्णा मला म्हणाला, “तू मासे खात नाहीस, तूच निवाडा कर.” पहिला सोडल्याशिवाय दुसरा धरायचा नाही, म्हणून त्याने गळही गुंडाळला.

मोबाइलने दोन नावं दाखवली, एक इथल्या माशाचं, एक परदेशी. सोडला आणि अंडी खाणारा निघाला तर? मारला आणि इथलाच निघाला तर?

मघाशी पाणी बदललं, तेव्हा तो बादलीला तोंडाने घट्ट चिकटून होता. मला त्याला ओढून काढवेना.

कुणी नक्की ओळखेल का? आणि नाहीच ओळखता आला, तर माझ्या जागी तुम्ही काय कराल?