आडवी पेन्सिल

सर कागदावर कधी खूण करायचे नाहीत. चूक दिसली की हातातली पेन्सिल त्या ओळीवर आडवी ठेवायचे, खुर्चीला मागं टेकायचे आणि विचारायचे, "कुणाला विचारलंस?" उत्तर मिळेपर्यंत पेन्सिल हलायची नाही. लाल शाई चालवणारे मास्तर तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील. लाल शाईची सवय होते. ह्या पेन्सिलीची शेवटपर्यंत झाली नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते. आज पुण्यात पीएच.डी. करते, तेही सांगते. पण त्याची सुरुवात भोरच्या कॉलेजात झाली. ज्यांच्या घरात आधी कुणी शिकलेलं नाही, अशा मुलामुलींना पदवी घेतानाच पीएच.डी.साठी तयार करायचं, म्हणून कॉलेजला एक अनुदान मिळालं होतं. दरमहा विद्यावेतन, पुस्तकं, आणि प्रत्येकाला स्वतःचं एक छोटं संशोधन. सर त्या योजनेचे समन्वयक. नेमणूक कंत्राटी. अनुदान आहे तोवर सर आहेत. हसत म्हणायचे, "तुमचं काम बसलं की मीपण घरी बसलो." त्यांची स्वतःची पीएच.डी. अर्धवट सुटलेली. का सुटली, असं विचारलं की म्हणायचे, "ते सोड. तू कुणाला विचारलंस?"

माझं गाव गुंजवणे. धरणात ज्यांची जमीन गेली, ती घरं आता भातशेती कशी करतात, हा माझा विषय. प्रस्तावात चाळीस कुटुंबं लिहिली होती. गाव माझंच, चार रविवारांत चाळीस फॉर्म भरून काढले. शुक्रवारी समिती येणार होती. अनुदान पुढं चालू ठेवायचं की नाही, ते तीच ठरवणार. सोमवारी मी मोठ्या ऐटीत गठ्ठा सरांपुढं ठेवला.

पहिल्याच फॉर्मवर पेन्सिल आडवी झाली. तो आमच्या घराचा होता. शेतीत काम करणारी माणसं: एक. वडील.

"कुणाला विचारलंस?"

"सर, माझंच घर आहे. त्यात काय विचारायचं?"

"भाताची लावणी वडील एकटेच करतात?"

"नाही. आई असते, चुलती असते, मी पण..."

दरवर्षी गुडघाभर चिखलात वाकणारी मी, आणि मीच मला कागदावरून पुसून टाकलं होतं. बाकीचे फॉर्म भराभर उलटले. एक, एक, दोन, एक. सगळे बाप्ये. घरोघर मी विचारलं होतं, शेती कोण करतं? घरोघर पुरुषाचं नाव आलं होतं. बायकांनीही तेच सांगितलं होतं.

"सर, शुक्रवारी समिती येतेय."

"व्हय. येतेय."

"त्यांना काय कळणार आहे?"

"काही नाही कळणार." त्यांनी पेन्सिल उचलली. "पण तुला कळलंय आता. पंचाईत झाली बघ."

माझा तोल गेला. "अनुदान गेलं तर तुमचं कामही जाईल, सर. आमचं विद्यावेतन जाईल."

त्यांनी गठ्ठा बाजूला सरकवला. म्हणाले, "तुमच्याकडं जायला सकाळची एसटी किती वाजता?"

मंगळवारी मार्गासनीपर्यंत एसटीनं आणि पुढं पेंडीच्या पोत्यांवर बसून टेम्पोनं आम्ही गाव गाठलं. खळ्यावर झोडणी चालली होती. आई भाताच्या पेंढ्या फळीवर आपटत होती.

"आये, आपली शेती कोण करतं?"

"तुजा बा करतो की."

"आन् तू?"

"म्या काय करती बाय? मी घरीच असती." आणि पुढची पेंढी अशी आपटली की दाणे सरांच्या शर्टावर उडाले.

सर हसले, उकिडवे बसले. "मावशी, ते ऱ्हाऊ द्या. काल उठल्यापास्नं काय काय केलंत, तेवढं सांगा."

आई सांगत गेली. माझा कागद भरला, पाठपोट भरला. शेवटी तीच वैतागली, "एवढं कशाला ल्हितीस? हे काय काम हाय व्हय?"

ह्या प्रश्नाला घरटी तासभर लागायचा, आणि बायका शेतावरून परतल्याशिवाय सापडायच्या नाहीत. गुरुवारी दिवस मावळला तेव्हा चौदा घरं झाली होती.

शुक्रवारी सर शेवटच्या बाकावर जाऊन बसले. "काम तुझं आहे. मी बोलणार नाही," असं आधीच सांगितलं होतं. समितीच्या अध्यक्षांनी गठ्ठा चाळला. "प्रस्तावात चाळीस कुटुंबं आहेत. इथे चौदाच?"

प्राचार्यांनी सरांकडं पाहिलं. सर हातातल्या पेन्सिलीकडं बघत होते. जुने चाळीस फॉर्म माझ्या पिशवीतच होते. हात पिशवीच्या बंदापर्यंत गेला होता, खोटं कशाला सांगू.

"चाळीस भरले होते," मी म्हणाले. "चुकीचे भरले. त्यात मी माझ्या आईला मोजलंच नव्हतं. मलासुद्धा नाही."

समितीतल्या बाईंनी विचारलं, "मग आता कसं विचारता?" मी सांगितलं. अध्यक्ष मान वर न करता लिहीत होते.

महिन्याभरानं पत्र आलं. सरांनीच वर्गात वाचून दाखवलं. विद्यार्थ्यांचं विद्यावेतन आणखी एक वर्ष चालू राहील. मात्र ठरलेलं उद्दिष्ट पूर्ण न झाल्यानं समन्वयकाचं वेगळं पद बंद करून ते काम कॉलेजातल्या शिक्षकांकडं द्यावं. शेवटची ओळ त्यांनी बाकीच्या ओळींसारखीच वाचली. पत्राची घडी खिशात घातली आणि माझ्याकडं वळले. "सव्वीस घरं राहिलीत ना तुझी?"

ते गेले त्या दिवशी मी भोरच्या स्टँडवर चाळीसच्या चाळीस फॉर्म घेऊन उभी होते. ते खिडकीशी बसून एकेक उलटत होते. वीस झाले. तीस झाले. कंडक्टरनं घंटी मारली. मला वाटलं, सुटले. सदतिसाव्यावर त्यांनी पेन्सिल आडवी ठेवली, तशीच आत ठेवून गठ्ठा मिटला आणि खिडकीतून माझ्या हातात दिला.

"कुणाला विचारलंस?"

एसटी निघून गेली.

तो फॉर्म गावातल्या शेवटच्या घराचा होता. आजी: वय झालं, काही करत नाही. हे मला सुनेनं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी गेले. गिरणीला न्यायच्या आधी ऊन दाखवायला भात पसरलं होतं, आणि शेजारी काठी घेऊन आजी बसली होती.

"आजी, काल उठल्यापासनं काय काय केलंस?"

"काय न्हाई बाय. हितंच बसली व्हती." बोलता बोलता तिनं काठी आपटली, आणि भातावरच्या चिमण्यांचा थवा भुर्रकन उडाला.

मी त्याच पेन्सिलीनं लिहिलं: दिवसभर राखण. मग टेम्पो जातात त्या रिकाम्या रस्त्याकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "आजीला विचारलं, सर."

आजीनं मान वळवली. "कुणासंगं बोलतीस गं?"